बाबालाल शिकलगारांचा कान

शिरोलीच्या फाट्याला, मगदूमांच्या फाउंड्रीत
मी पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत होता एक माइक,
दोन केबली, आणि पुण्याच्या ऑफिसनं
माझ्याकडून पाठ करून घेतलेलं एक वाक्य:
हे कुणाची नोकरी घेण्यासाठी नाही.
कुणी विचारलंच नाही.
फेटलिंगच्या सुमनताई चहा देताना एवढंच म्हणाल्या,
"जपून. कप तापलाय."

बाबालालचाचा स्टुलावर.
हातात पावशेराची हातोडी,
समोर हुकाला टांगलेला रिक्षाचा ब्रेक ड्रम.
एक ठोका.
बीड बोलतं.
चाचा मान वळवून डावा कान पुढं करतात,
दारामागून कुणी गुपित सांगावं तसा,
आणि ड्रम ह्या ढिगात, नाहीतर त्या.
दिवसाला सातशे. एकतीस वर्षं.

माझ्या तक्त्यात रकाने दोनच. पास, नापास.
पहिल्याच सकाळी चाचा म्हणाले, "ह्यो रुसलाय."
म्हणजे नापास?
"न्हाई गं. रुसलाय. चार दिस पडू दे उन्हात, मग वाजवू."
दुसऱ्या दिवशी एकाला सर्दी झाली होती.
(वाळू ओली राहिली होती, खरंच.)
एक घशातनं बोलत होता,
एक "घरात हाय पण दार उघडत न्हाई."
पुण्याला फोन लावला.
पुणे म्हणालं, दोनच ठेव.
मी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली.

सहा आठवडे.
अकरा हजार ठोके.
भट्टीचा हुंदका, ग्राइंडरची किरकिर, जेवणाची शिट्टी,
सगळं वगळून फक्त ठोका ऐकायला
यंत्र हळूहळू शिकलं.
दर शनिवारी वीस ड्रम करवतीखाली घालायचे
आणि बघायचं कोण खरं.
बहुतेक वेळा चाचा.
पोकळी, जाळी, थंड पडलेला सांधा, चाचा चुकत नव्हते.
पण केसाएवढी चीर असली की पास.
परत पास.
मी आलेख काढला.
वरच्या पट्टीतली ती बारीक किणकिण
जिथून सुरू होते, तिथे चाचांची रेघ
कडा तुटल्यासारखी खाली गेली होती.

रात्री साडेनऊला, रूमवर, पोहे खाता खाता
मला कळलं ते त्यांच्या घरी अजून कुणाला
माहीत नसावं.

सोमवारच्या मीटिंगला सुदर्शन मगदूम म्हणाले, टक्के सांगा.
मी टक्के सांगितले.
चुका कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही
आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली.

संध्याकाळी गेटपाशी "येतो चाचा" म्हणाले
आणि गेलेच नाही.
सगळं सांगितलं. लॅपटॉप सायकलच्या कॅरिअरवर ठेवून
रेघसुद्धा दाखवली.
त्यांनी रेघेकडं बघितलं नाही.
"उजवा जाऊन सात वरसं झाली," म्हणाले.
"डाव्याचंबी आता काय खरं न्हाई.
तुला शेजारी बसू दिलं ते काय उगाच व्हय?"

मग मला सुचलं ते असं, की आवाज खाली ओढता येतो.
तीच चीर, तोच ठोका,
दोन पट्ट्या खाली, त्यांच्या कानाच्या उंबऱ्यापर्यंत.
मी हेडफोन त्यांच्या टोपीवरून चढवला.
ट्रक गेले, ऊस गेला, दुधाची गाडी गेली.
चाचा डोळे मिटून.
पुन्हा लाव, म्हणाले.
पुन्हा.

"आयला," ते म्हणाले, "ह्यो तर हसतोय.
दातातल्या दातात हसतोय बग.
सात वरसं माझ्या उजव्या अंगाला बसून हसत हुता
आनि मी त्याला पास करत हुतो."

खिशातली हातोडी त्यांनी उगाचच
कॅरिअरवर एकदा वाजवली.

"वही हाय न्हवं तुझ्याकडं?
लिही."