पार्ट टू, दोन मिनिटं

प्रश्न मी देवनागरीत लिहून दिलेत अप्पांना,
जाड पेनाने, जुन्या ड्युटीचार्टच्या कोऱ्या बाजूला.
डिस्क्राइब अ थिंग यू बॉट रीसन्टली.
अप्पा एकेका शब्दावर बोट ठेवतात,
गोणीवरचा मार्का वाचावा तसं,
आणि मोबाइलवरचं घड्याळ सुरू करतात.
कोपरखैरणे, रात्रीचे साडेदहा.
शेजारच्या कुकरची शिट्टी मध्येच आली
तरी थांबायचं नाही, असं ठरलंय.

मी बोलते. मागच्या महिन्यात मी एक दिवा घेतला.
वाशीच्या मॉलमधून. पितळी. वाचायला.
घेतला नव्हता.
पिल्ले मॅडम म्हणतात, खोटं चालतं,
मार्क भाषेला आहेत, खरेपणाला नाहीत,
फक्त अडखळू नका.
मी अडखळत नाही.

सोमवारी दिवा. मंगळवारी चामड्याची बॅग.
बुधवारी ऑनलाइन मागवलेले, न बसलेले बूट
आणि ते परत करताना कंपनीशी झालेलं भांडण,
त्यात मी जिंकले.
गुरुवारी नाइट होती.
शुक्रवारी सोफा घेतला, तीन माणसांचा, राखाडी,
आणि बोलता बोलता जरा चाचरलेच,
कारण तो ठेवणार कुठे?
कॉट आणि फ्रिजच्या मध्ये
अप्पांचं अंथरूण असतं.

दोन मिनिटं झाली की अप्पा "बास" म्हणतात.
मग मी मराठीत सांगते, आज काय घेतलं ते.
आणि ते दरवेळी एकच विचारतात,
जे मॅडमच्या यादीत कुठेच नाही :
"किती किलोचं?"

एकतीस वर्षं तुर्भ्याच्या मसाला मार्केटात.
हळद, धणे, जिरं, ब्याडगी,
पाठीवरून गेलं ते सगळं
दुसऱ्या कुणी तरी घेतलेलं.
भाव वर गेला की खाली, ते गाळ्यावाल्याला ठाऊक,
अप्पांना ठाऊक की जिरं मुकाट बसतं
आणि मिरची हलकी असून तोल घालवते,
शिवाय शिंका.
सोफ्याचं मला काय माहीत. म्हटलं, साठ असेल.
"दोघं लागतील," अप्पा म्हणाले,
"आपला जिना अरुंद हाय."

पार्ट थ्री अवघड. तिथे वस्तू नसते, मत असतं.
गरज नसताना लोक का घेतात?
कन्झ्युमरिझम वाढलाय असं वाटतं का?
चंगळवाद, असं कोशात आहे. मला तो शब्द
पितळी दिव्यासारखाच वाटतो, घरात नसलेला.
मला वॉर्डातलं सांगायचं असतं,
की डिस्चार्ज मिळाल्यावर माणसं
कॉटखाली नव्या चपला विसरून जातात,
टॅगसकट.
पण "टॅगसकट"पाशीच माझं इंग्रजी अडतं
आणि मी पाठ केलेल्या जाहिरातींकडे वळते,
ॲडव्हर्टाइजमेंट्स प्ले अ मेजर रोल.

काल कागद उलटला तर वेगळाच निघाला :
डिस्क्राइब समथिंग एक्स्पेन्सिव्ह दॅट यू बॉट.
घड्याळ सुरू. मी गप्प.
कार, टीव्ही, सोन्याची चेन, सगळं तयार होतं जिभेवर.
पण महाग म्हणून खरं घेतलेलं एकच,
ही परीक्षा.
सतरा हजार, त्यातले नऊ अप्पांचे.
तिला पिशवी नाही, तिचा रंग सांगता येत नाही,
आवडली नाही म्हणून परत करता येत नाही.
आणि ती ज्या गावाला नेणार
तिथे अप्पांचं अंथरूण नाही.

चाळीस सेकंद. पन्नास.
अप्पांनी कागदावरचं बोट उचललं नाही.
"आज काय घेतलं न्हाईस व्हय?"
घेतलंय, म्हटलं.
"किती किलोचं?"
अजून उचलून बघितलं नाही, अप्पा.

ते काही बोलले नाहीत.
घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं,
मग उठून आपली उशी
वीतभर भिंतीकडे सरकवली,
जागा केली.