दुसरा ब्रेक

माझ्या गाडीत ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याच्या पायाखाली,
एक माझ्या.
कोपरखैरणेच्या सेक्टर पंधरापासून महाप्याच्या उतारापर्यंत
बावीस वर्षं माझा उजवा पाय
कुणाच्या तरी भीतीच्या अर्धा सेकंद पुढे.

रात्री साडेदहाला, ओटा पुसून झाला की
भाच्यानं टाकून दिलेल्या कन्सोलवर
मी एक संघ चालवते.
म्हणजे गाडी नाही चालवत. गाडी ते चालवतात,
ते दोघं, जे कुणीच नाहीत.
मी नुसते आकडे सरकवते:
धाडस चाळीस, संयम सत्तर, टायरची काळजी पंचावन्न.
आणि शर्यत सुटली की कानात सांगायला चारच वाक्यं:
दामट. जप. आत ये. सोड त्याला पुढे.

गेमनं दिलेली नावं जिभेवर बसेनात.
मग नापासांची वही काढली,
आरटीओच्या मैदानावर रिव्हर्स घेताना
ज्यांनी खांब पाडले, त्यांची,
आणि तिच्यातून दोन उचलली:
डोईफोडे, विसपुते.

डोईफोडे नावाला जागतो.
पहिल्याच वळणाला दुसऱ्याच्या दाराला दार.
धाडस अठ्ठ्याऐंशीवरून साठावर आणलं,
तर पाचव्या नंबरावर शहाण्यासारखा झोपून राहिला.
परत वाढवलं. परत भिंत.
माणूस असता तर चहा पाजून विचारलं असतं,
घरी काय झालंय रे?
याला घर नाही. याला मागची भिंतही आठवत नाही.
दर शर्यतीला कोऱ्या मनानं, न्हाऊन आल्यासारखा,
तीच भिंत गाठतो.

विसपुते तिसऱ्या वळणाला सगळ्यांच्या आधी ब्रेक लावतो.
आणि त्याच्याही आधी
मी बसल्या जागी पाय दाबते, चटईवर.
खालच्या मजल्यावरच्या सपकाळांना वाटतं मी रात्रीचं काहीतरी कुटते.
पायाखाली काही नाही. फरशी आहे.
हे तळव्याला पटायला
दोन सीझन गेले.

महिनाभर त्याला काहीच सांगितलं नाही.
आकडे हलवले नाहीत. दामट म्हटलं नाही.
का, ते विचारू नका. कंटाळाही असेल.
आणि काल, सहा फेऱ्या उरलेल्या,
पुढच्यांचे टायर साबणाच्या वडीसारखे झिजलेले,
तर हा, डब्यात जपलेले पैसे सणाला काढावेत
तसा एकेक करून चौघांच्या पुढे.
तिसऱ्या वळणालाच. ब्रेक तोच, लवकरचा,
पण बाहेर पडताना गाडी सरळ,
आणि गॅसवर पाय सगळ्यांच्या आधी.
सव्वाबाराला मी एकटीनं टाळ्या वाजवल्या.
कप मिळाला. कप ठेवायचं कपाटही गेममध्येच आहे.

आज सकाळी खरा विसपुते आला.
सात वर्षांनी, पोट सुटलेला, हातात नवा शिकाऊ परवाना.
मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितो म्हणाला.
माझ्या तोंडून निघून गेलं:
तू टायर छान जपतोस.
तो बघत राहिला.
'मॅडम, मी तर पहिल्या गिअरमध्येच रडलो होतो.'

ठाणे-बेलापूर रोडला लागलो.
दोन्ही बाजूंनी कंटेनर, समोर सिग्नल अजून हिरवा,
आणि त्याचा पाय गेलाच ब्रेकवर,
लवकर, फारच लवकर.
मागच्या टेंपोनं हॉर्नमधून आमचं कूळ काढलं.
माझा पाय माझ्या ब्रेकवर.
उचलला, असं म्हणणार नाही.
या चपलेचा सोल पातळ आहे,
पेडलवरच्या रेघा तळव्याला मोजता येतात.
एका रेघेइतका
वर घेतला.

'सोड त्याला पुढे,' म्हटलं.
त्यानं सोडलं.