गृहभेट

हत्तुरे मॅडम आल्या त्या नेमक्या पाण्याच्या दिवशी.
पाचव्या दिवसाचं पाणी. पहाटे चारपासून पिंपं, बादल्या,
शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलेलं,
आणि दारात त्या, हातात फाईल,
चपला कुठं काढू म्हणून विचारत.
मी हात पुसायला टॉवेल शोधला,
आणि चार मागांच्या या घरात
एकही कोरडा टॉवेल सापडला नाही.

पाळणा आम्ही आधीच आणला होता.
अनसूयेनं तो आदल्या रात्री माळ्यावर चढवला.
"दिसला तर घाई वाटेल त्यांना."
मॅडमनी माळ्याकडं पाहिलंच नाही.
कडक भाकरी मोडता मोडता, चटणीला तेल मागावं तसं विचारलं,
"रात्रभर रडणं थांबलंच नाही, तर काय कराल?"

मी म्हणालो, डॉक्टरकडं नेऊ.
"आजारी नसेल तर?"
खांद्यावर घेऊन अशोक चौकापर्यंत फिरवीन.
"तरी नाही थांबलं. तुमचा वास ओळखीचा नाही,
तुमचा हात नको आहे त्याला. मग?"
खाली माग चालूच होते.
अनसूया म्हणाली, "मग बसू. नुसतं जवळ बसू."
ते त्यांनी लिहून घेतलं.
टेबलावर माझी तीन वर्षांची विवरणपत्रं होती,
पोलिसांचा दाखला, दोघांचे रक्ताचे रिपोर्ट,
त्यातलं काहीच एवढं मन लावून लिहिलं नव्हतं.

कोपऱ्यात आई विड्या वळत होती, हजाराला दोनशे कमी.
"रक्त कुणाचं असेल?" तिनं मला तेलुगूत विचारलं,
मॅडमना कळू नये म्हणून.
सोलापुरात असं समजून बोलणारा फसतो.
"ते आम्हालाही माहीत नसेल, आजी," मॅडम तेलुगूतच म्हणाल्या,
"पण मूल विचारेल. तेव्हा तुम्ही काय सांगाल?"
आईच्या बोटांत पान तसंच राहिलं,
तंबाखू भरलेलं, दोरा न बांधलेलं.

उठताना शेवटचं: "त्याला कधी सांगणार?"
मोठं झाल्यावर, मी म्हणालो. समजेल तेव्हा.
त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.
"लोक आधी सांगतील. लग्नात, भांडणात, गल्लीच्या नळावर.
तुमच्याकडून ऐकू दे. कळायच्याही आधीपासून."

त्या रात्री झोप नाही.
मागावरचं बीम संपतं तेव्हा जुने धागे उपसत नाहीत.
नव्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठायचा,
अंकम अण्णा करतो ते, बोटाला राख लावून, दोन हजारांवर गाठी.
मग माग हातानं हळू फिरवायचा,
गाठी फणीतून पार होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.
आणि तो गाठींचा पहिला हात आम्ही कापून टाकतो.
गिऱ्हाइकाला काय दाखवायचं?
जुन्या धाग्याचं टोक धरूनच नवा आत शिरला,
हे टॉवेलनं तोंड पुसणाऱ्याला कोण सांगतं?
पहाटे मी अनसूयेला हलवलं.
म्हटलं, तो हात कापायचा नाही.
"कुणाचा हात?" ती घाबरून उठून बसली.

आता यादीत आमचा नंबर आहे. सरकतो, कधी सरकत नाही.
आईनं तंबाखूचं सूप जिन्यात नेऊन ठेवलंय.
"रांगणारं पोर काहीही तोंडात घालतं," म्हणते.
मॅडमना उत्तर मात्र अजून दिलेलं नाही.

रात्री दिवा घालवला की अनसूया सांगायचा सराव करते.
मूल मराठी ऐकत आलेलं असेल म्हणून मराठीत:
तू माझ्या पोटातून नाही...
आणि अडते. आलास? आलीस?
मग तेलुगूत वळते, नुव्वु वच्चावु,
तिथं मुलगा, मुलगी दोघंही मावतात.
तू आलं. असं काहीतरी. त्याच्यापुढं तिला अजून जमत नाही.
काल ती तिथंच थांबली,
आणि अंधारातून, जिन्याकडच्या बाजूनं, आई म्हणाली,
"मग? पुढं काय झालं?"