पाचामुखी

गंगापूर रोडवरच्या एसी खोलीत
आम्ही पाच परीक्षक, बावीस चित्रपट,
मध्ये ताटलीत चिवडा.
तो वाजतो म्हणून मी घेतला नाही.

आहिरराव नोट प्रेसमधून निवृत्त.
बत्तीस वर्षं छापील तावांवर
चुकलेली रेघ शोधायची,
सापडली की अख्खा ताव बाद.
अकरा नंबरच्या चित्रपटात
भिंतीवर माइकची सावली पडली होती,
दोन सेकंद, कवडीएवढी.
त्यांनी चष्मा पुसला आणि चार लिहिले.

रावसाहेब मोगलांची द्राक्षं परदेशी जातात,
बक्षिसाची रक्कमही त्यांचीच.
मणी पिळून, काच डोळ्याला लावून
गोडी मोजायची;
अठराच्या खाली माल हलत नाही.
"बरंय हो, पण शेवटी तोंडात काय राहतं?"
तीन.

घोटीकर बाईंना रडायला आवडतं,
त्या ते लपवतही नाहीत.
रुमाल घडी करून आणतात,
घडी मोडली तर आठच्या खाली येत नाहीत.
अकरा नंबरला घडी तशीच राहिली.
पाच.

फैजान कोकणी लग्नं शूट करतो, स्वतःचा ड्रोन आहे.
"सहा मिनिटं कॅमेरा हललाच नाही, मॅडम.
बॅटरी संपली असेल."
तरी त्यानं सहा दिले,
कारण ती मुलगी पेनड्राइव्ह द्यायला
सुरगाण्याहून एसटीनं आलेली
त्यानं पाहिली होती.

मी दहा दिले.

काय होतं त्यात?
पिठाची गिरणी, गेलेली वीज,
नागलीचे डबे रांगेत
आणि डब्यांमागे बायका.
एक बोलते, दुसरी ऐकतेच असं नाही.
शेवटी वीज येते, पट्टा खेचला जातो,
अंधारातून गिरणी
घसा खाकरते.

चार नंबरमध्ये अमेरिकेतला मुलगा होता,
वडिलांची स्कूटर, शेवटी घाटावर दिवा.
तो कुणाचाच लाडका नव्हता,
कुणाच्या डोळ्यात खुपलाही नाही.
सात, सात, आठ, सात,
माझेसुद्धा सहा.
पस्तीस विरुद्ध अठ्ठावीस.
"पाचामुखी परमेश्वर," मोगल म्हणाले.
मी बेरजेच्या कागदाकडे पाहिलं:
परमेश्वर सातच्या आसपास
मांडी घालून बसला होता.

घरी येऊन चिडचिड केली.
भांडी घासताना चौघांना नावं ठेवली.
मग नळ बंद केला, आणि त्या शांततेत
माझे दहा माझ्याकडे बघायला लागले.

आकाशवाणीत सव्वीस वर्षं मी टेप कापली.
माणूस बोलता बोलता थांबला
की ते थांबणं कापायचं,
श्वास कापायचा, कार्यक्रम वेळेत बसवायचा.
किती जणांचे श्वास
टेबलाखालच्या टोपलीत गेले असतील.
या पोरीनं एकही कापला नव्हता.
म्हणजे मी गुण दिलेच नव्हते,
जुनी उधारी फेडली होती,
तीही दुसऱ्याच कुणाला.
आहिररावांची रेघ, मोगलांची काच,
बाईंचा रुमाल, आणि माझी टोपली.

समारंभात टाळ्या पडल्या. चार नंबरचा मुलगा
आईला घेऊन मंचावर गेला, चांगला वाटला.
बाहेर पार्किंगमध्ये यमुना गावित
मैत्रिणीच्या स्कूटीची वाट बघत उभी होती.
मी आपणहून गेले.
चौघांचं काही सांगितलं नाही,
स्वतःचे दहाही सांगितले नाहीत,
नुसतं म्हटलं, मला आवडला.

"गावातही दाखवला, मॅडम,
गिरणीच्याच भिंतीवर."
मग? काय म्हणाल्या बायका?
"सगळ्या गप्प बघत होत्या.
शेवटी रखमाआजी उठली, भिंतीपाशी गेली,
पडद्यावरच्या पिठावर बोट ठेवून म्हणाली,
भरड येतंय.
दगडाला टाकी लावायला झालीय."

तीन वेळा पाहिला मी तो चित्रपट,
दोनदा डोळे मिटून.
पीठ कसं होतं
मला आठवेना.