बत्तीस अंशांपासून

तळमजल्यावरची खोली, खिडकी नाही.
वर परळ तापलेलं, इथे एसी चोवीसवर,
कारण कातडीला आधी शांत करावं लागतं,
मगच तिला प्रश्न विचारता येतात.

भिकाजी साळेकर, वय एकाहत्तर,
शिवडी नाक्यावर इस्त्रीचं टेबल, त्रेचाळीस वर्षं.
नागीण सुकून आठ महिने झाले.
डाव्या बरगड्यांवरून पाठीकडे फिकट डागांची वाट,
मणक्याशी येऊन थांबलेली.
"तोंड-शेपूट भेटलं नाही म्हणून वाचलो," म्हणतात.
नस तिथवरच असते काका, मी सांगते,
सहसा ती भेटतच नाहीत.
"म्हणजे बायकोनं गेरू उगाच लावला."

शर्ट काढतात दोन बोटांनी,
अंगापासून दूर धरत,
गिऱ्हाइकाचा असल्यासारखा.

आधी उजवी बाजू.
आगपेटीएवढी धातूची पट्टी
बत्तीस अंशांपासून हळूहळू चढते.
कोमट वाटलं की बटण दाबा.
चौतीसला दाबतात.
पुन्हा चौतीस. पुन्हा.
इतका नेमका माणूस या खुर्चीत बसलेला
मला आठवत नाही.

मग डावी.
पस्तीस. अडतीस. एक्केचाळीस.
अंगठा बटणावर तसाच.
चव्वेचाळीस.
ते माझ्याकडे बघतात, मी पडद्याकडे.
"मशीन चालू आहे ना?"
मी पट्टी सोडवते.
ते तर्जनी जिभेला लावतात, सवयीनं,
आणि पट्टीला टेकवून झटकन उचलतात.
"चालू आहे."
मग जरा वेळानं, "मीच बंद."

आता कापूस.
त्याच जागेवरून एकच ओढ, फुंकरीइतकी.
टेबलाची कड धरतात ते,
बोटांची पेरं पांढरी होतात.
गरम न कळलेली कातडी
कापसाला मात्र भाजली म्हणते.
हे मी रोज बघते, तरी दर वेळी
बोळा लपवल्यासारखा मुठीत धरते.
"नातीला सांगितलंय, आजोबाला मिठी नाही.
ती उजवीकडून येते, हळूच,
चोरासारखी."

फॉर्मवर शून्य ते दहा.
"दहा म्हणजे?"
कल्पना करता येईल तेवढं.
"कल्पना कशाला? इस्त्रीला चकती असते बघा,
नायलॉन, रेशीम, लोकर, सुती, ताग.
दिवसा रेशमावर असतं.
दिवेलागणीला सुतीवर.
रात्री तीनला तागावर जातं
आणि चकती फिरवणारा हात माझा नसतो."

मी सात लिहिते.
खोडते. आठ.
समासात बारीक अक्षरात: रात्री, ताग.
डॉक्टर विचारतील, हे काय आहे.

ते शर्ट चढवतात, आधी उजवी बाही,
डावीकडचं कापड चिमटीत लांब धरून.
बाहीला सुरकुत्या, कॉलर मऊ पडलेली.
मी बघते हे त्यांनी बघितलं.
"कडक कापड टोचतं," म्हणाले,
"माझा एकट्याचाच तसाच ठेवतो."