मापवही क्रमांक सतरा

मे महिना, दुपारचे पावणेदोन.
विडी घरकुलच्या मागच्या गल्लीत
ब्रेकर दगडावर आपटून परत येत होता,
दर खेपेला थोडा बोथट होऊन.
टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं लिंबाजीनं,
आणि फील्डबुकात पेन्सिलीनं लिहिलं: कठीण खडक.

ऑफिसात पोचेपर्यंत त्याचा मुरूम झाला.
तसं करा असं कोणी सांगितलं नाही.
एवढंच कोणीतरी म्हणालं की गेल्या वर्षीच्या खडकाचे
आक्षेप अजून निघतायत.
खोडरबर टेबलावरच होतं.

पाइप पडला, माती पडली, वर डांबर पडलं.
पाचव्या दिवशी पाणी आलं.
बायकांनी मांडीवरची सुपं बाजूला सारली,
तंबाखूचे हात धुतले, घागरी लावल्या.
खाली काय लागलं होतं
हे विचारायचं कोणाला काय कारण?

मग अंतिम देयक.
सात रस्त्याच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर
सिद्रामप्पा कोनापुरे आले,
रुमालात बांधलेला दगड
साहेबांच्या काचेवर ठेवला.
‘ह्यो मुरूम हाय म्हणून लिवलंय की ओ तुमी.
चावून बगा.’

चारशे बारा घनमीटर.
मुरूम दोनशे दहा, खडक अकराशे चाळीस.
फरक तीन लाख त्र्याऐंशी हजार एकशे साठ.
तांबोळी मॅडमनी दगडाकडे बघितलंच नाही.
‘सही दगडावर नाहीये,’ म्हणाल्या,
‘मापवहीवर आहे.’
त्यांचं चुकत नव्हतं.
फाइलीला भोक पाडता येतं, दगडाला नाही.

‘मग उकरा परत.’
साहेब हसले. चालू लाइनवर?
आणि त्या उकरण्याला दर कुठला लावू,
मुरमाचा की खडकाचा?

चार बैठका झाल्या.
ब्रेकरच्या भाड्याच्या पावत्या, डिझेलच्या चिठ्ठ्या,
मोडलेल्या छिन्न्यांचं अक्कलकोट रोडचं बिल.
आमच्याकडून कलमं, पोटकलमं, चहा.
मी प्रत्येक वेळी दाराजवळच्या खुर्चीत.
चौथ्या बैठकीला दगड मऊ झाला:
मऊ खडक, पाचशे वीस.

‘पूर्ण व अंतिम, तक्रार नाही’
या ओळीखाली कोनापुरेंनी कन्नडमध्ये सही केली.
माझ्याकडे एकदा बघितलं. बोलले काहीच नाहीत.
दगड न्यायचा विसरले, की ठेवून गेले?
पंखा सुरू झाला की मी तो कागदांवर ठेवतो.

परवा लेखापरीक्षणाचा अर्धसमास आला.
मापवहीत मुरूम असता मऊ खडकाचा दर का दिला?
जादा प्रदान एक लाख सत्तावीस हजार सातशे वीस
संबंधित कनिष्ठ अभियंत्याकडून वसूल का करू नये?
खुलासा पंधरा दिवसांत.

रात्री फील्डबुक काढलं,
पान दिव्याखाली तिरपं धरलं.
खोडल्या जागी अक्षरांची खाच अजून आहे.
शाळेपासून मी पेन्सिल दाबून लिहितो,
मास्तर त्यासाठी मारायचे.

बायको म्हणाली, आता कशाला?
खरंय. पगारातून जायची वेळ आली
तेव्हा मला त्या दगडाची जात आठवली.

तरी लिहिलं. कठीण.
पेनानं.