फुली

सोलापुरातून प्रचाराची रिक्षा विडी घरकुलात आली.
उमेदवाराच्या हसऱ्या फोटोखाली छापलेलं:
'पोरांनी शाळेत काय वाचू नये, ते पालकांनी ठरवायचं.
नको त्या पुस्तकावर फुली मारा.'

नरसम्मा येमूलनं कागद गुडघ्याखाली सारला,
सुपातली पानं निम्मी होईस्तोवर.
मग लेकीला म्हणाली,
"ऐकल्याबिगर फुली कशी मारू? वाच."

पोरगी वाचत राहिली.
मध्येच एकदा "इंकोसारी" म्हणत
मागलं पान परत वाचायला लावलं.
हजार भरल्याच नाहीत त्या दिवशी.
कारखान्यात छाट जाऊन उरल्या सातशे चाळीस.

मतदानाला शाईवाला
तंबाखूनं रापलेल्या बोटावर
जागा शोधत राहिला.

कागद अजून आहे.
त्यावर तिनं
विडीचा दोरा गुंडाळून ठेवलाय.